उन्हात ठेवलेले स्फटिक

दालचिनीच्या तेलाची बाटली वर्षानुवर्षे पडून राहिली, तेलाला हवा लागत राहिली, की तळाशी पांढरे स्फटिक धरू लागतात. हे सिनॅमिक आम्ल. पॅरिसमध्ये द्युमा आणि पेलिगो या दोघांनी १८३४ मध्ये दालचिनीच्या तेलावर काम करताना त्याची रीतसर तपासणी केली. त्याच्या रेणूत अवघड असे काही नाही. एका टोकाला बेंझिनचे सहा कार्बन अणूंचे कडे, दुसऱ्या टोकाला सेंद्रिय आम्लांची खूण असलेला कार्बोक्सिल गट, आणि या दोहोंच्या मधे दुहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन. सगळा रेणू लांबट आणि जवळजवळ सपाट. एवढ्या साध्या पदार्थाने रसायनशास्त्रज्ञांना सत्तर वर्षे कोड्यात ठेवले. ते कोडे सुटताना स्फटिकांकडे पाहण्याची रसायनशास्त्राची नजर बदलली.

कोड्याचा उगम मात्र कोकाच्या पानांत होता. पेरू देशातल्या त्रुहियो शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोकाच्या जातीत कोकेनबरोबर आणखी काही अल्कलॉइडे सापडतात. बर्लिनमध्ये कार्ल लीबरमान त्यांच्या मागे लागले होते. ग्रेबे यांच्यासोबत अलिझरिन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत बनवून युरोपातल्या रंगझाडांच्या शेतीचे कंबरडे मोडणारे ते हेच लीबरमान. १८८८ च्या सुमारास या अल्कलॉइडांचे विघटन करताना त्यांना एक नवे आम्ल मिळाले. त्रुहियोवरून त्याचे नाव ट्रक्सिलिक आम्ल पडले. त्यातले कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण सिनॅमिक आम्लाशी तंतोतंत जुळत होते. तापवून ऊर्ध्वपातन केले की त्यातून सिनॅमिक आम्लच बाहेर पडे. सिनॅमिक आम्लाचे दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन हा नवा पदार्थ झाला आहे, हे त्यावरून दिसत होते.

एकोणिसावे शतक संपायच्या आत असेही ध्यानात आले की त्यासाठी कोकाच्या पानांचा खटाटोप करायला नको. सिनॅमिक आम्लाची पूड उन्हात पसरून ठेवली तरी पुरते. दोन शेजारी रेणूंचे दुहेरी बंध उघडतात, समोरासमोरचे कार्बन जोडले जातात आणि चार कार्बनांचे चौकोनी कडे तयार होते. सेंद्रिय रसायनशास्त्रात असे चौकोनी कडे बनवणे सोपे नसते, कारण त्यात बंध ताणलेले असतात. इथे ते काम सूर्य करत होता, तेही कोरड्या पुडीत.

इटलीत बोलोन्याला जाकोमो चामिचान आणि पाउल सिल्बर हे दोघे त्या काळात विद्यापीठाच्या गच्चीवर काचेची भांडी मांडून महिनोन् महिने नाना पदार्थांना ऊन देत होते. सिनॅमिक आम्लही त्यांच्या यादीत होते. कोळसा जाळून चाललेल्या कारखानदारीला सूर्यप्रकाशाचा पर्याय मिळेल, उजाड प्रदेशांत काचेच्या नळ्यांची जंगले उभी राहतील आणि धुराडी नसलेले उद्योग चालतील, असे स्वप्न चामिचान यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात मांडले. शंभर वर्षांनंतर ते व्याख्यान वाचताना त्यांच्या दूरदृष्टीपुढे मान झुकते.

पण सिनॅमिक आम्लाचे वागणे बोलोन्यातही उलगडले नाही. तेच आम्ल द्रावणात ठेवून ऊन दिले तर चौकोनी कडे होत नव्हते. रेणू मधल्या दुहेरी बंधापाशी वळून आपला आकार बदलत, एवढेच. पुडीतूनसुद्धा दर वेळी एकच पदार्थ मिळेल याची खात्री नव्हती. कधी ट्रक्सिलिक आम्ल मिळे, कधी त्याचे भावंड असलेले ट्रक्सिनिक आम्ल. पहिल्यात दोन रेणू एकमेकांच्या उलट दिशांना तोंड करून जोडलेले असतात, दुसऱ्यात एकाच दिशेला. बेंझिनच्या कड्यावर एखादा गट जास्तीचा बसवलेली सिनॅमिक आम्ले तर आणखी लहरी निघाली. काही झटपट जोडली जात, काहींवर कितीही प्रकाश टाकला तरी ती ढिम्म.

कारण शोधणाऱ्यांनी बहुतेक वेळा रेणूतच कारण शोधले. यात त्यांना दोष देता येत नाही. पदार्थ हाती आला की तो विरघळवायचा, द्रावणात क्रिया घडवायची आणि शेवटी शुद्ध करण्यासाठी स्फटिक पाडायचे, ही रसायनशास्त्राची रीतच होती. स्फटिक म्हणजे कामाचा शेवट. त्याच्या आत काही घडत असेल आणि त्यातल्या मांडणीवर ते अवलंबून असेल, असा विचार क्वचितच कोणी करी. बर्नचे फोल्कमार कोलश्युटर हे अशा थोड्यांपैकी एक. घन पदार्थातली क्रिया कुठे, कोणत्या मांडणीत घडते यावर तिचे फळ ठरते, असे त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मांडले आणि अशा क्रियांना ‘टोपोकेमिकल’ असे नाव दिले. कल्पना उत्तम होती, पण स्फटिकाच्या आत डोकावण्याचे साधन तेव्हा नुकतेच जन्माला आले होते.

ते साधन म्हणजे क्ष-किरण. फॉन लाउए यांच्या १९१२ च्या प्रयोगानंतर ब्रॅग पितापुत्रांनी मिठाची आणि हिऱ्याची रचना काढली. सेंद्रिय पदार्थांची वाट जास्त खडतर होती. त्यांचे रेणू वेडेवाकडे आणि सममिती कमी. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी बेंझिनचे कडे सपाट आहे हे क्ष-किरणांनी सिद्ध केले, तेव्हा कुठे दार उघडले. त्या दारातून जे आत शिरले त्यांत जॉन मॉन्टीथ रॉबर्टसन या स्कॉटिश शास्त्रज्ञाचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये थोरल्या ब्रॅग यांच्या हाताखाली ते नॅफ्थॅलिन, अँथ्रॅसिन अशा रेणूंच्या रचना काढत होते. १९३६ मध्ये त्यांनी आणि आयडा वुडवर्ड यांनी ऑक्झॅलिक आम्ल हातात घेतले.

ऑक्झॅलिक आम्ल म्हणजे दोन कार्बोक्सिल गट पाठीला पाठ लावून जोडलेले. अळू नीट शिजला नाही तर घशाला जी खाज सुटते, तिच्यामागे याच आम्लाच्या कॅल्शियम क्षाराचे सुईसारखे स्फटिक असतात. रॉबर्टसन आणि वुडवर्ड यांनी घेतलेल्या रूपात दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बसलेले होते. प्रश्न होता, आम्ल आणि पाणी एकमेकांना कसे धरून ठेवतात.

यावरचा तर्क सोळा वर्षे आधीच मांडला गेला होता. १९२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे लॅटिमर आणि रोडबुश यांनी सुचवले की ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन दुसऱ्या ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीकडेही ओढला जातो आणि दोघांमधला दुवा होतो. तिथेच शिकणाऱ्या मॉरिस हगिन्स यांनाही हीच कल्पना सुचली होती. पुढे लायनस पॉलिंग यांनी या हायड्रोजन बंधाला रसायनशास्त्रात मानाचे स्थान दिले. पाणी एवढ्या उशिरा का उकळते, बर्फ पाण्यावर का तरंगतो, याचे उत्तर याच बंधात आहे.

अडचण अशी की क्ष-किरणांना हायड्रोजन जवळपास दिसत नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. ऑक्सिजनपाशी आठ इलेक्ट्रॉन, हायड्रोजनपाशी एकच, तोही ऑक्सिजनकडे झुकलेला. मग न दिसणारा दुवा ओळखायचा कसा? रॉबर्टसन यांनी अंतरे मोजली. शेकडो किरणांची तीव्रता फिल्मवर नोंदवायची, छापील कागदी पट्ट्यांवरची साइन-कोसाइनची मूल्ये घेऊन हाताने बेरजा करायच्या आणि इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढायचा, असे ते काम होते. एकमेकांशी काही देणेघेणे नसलेले दोन ऑक्सिजन सुमारे ३ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ येत नाहीत. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. या नकाशात आम्लाचा ऑक्सिजन आणि पाण्याचा ऑक्सिजन यांच्यातले अंतर भरले अवघे अडीच अँगस्ट्रॉमच्या आसपास. मधे हायड्रोजन असून तो दोघांना जवळ ओढतो आहे, याखेरीज दुसरा अर्थ निघत नव्हता.

त्यावर १९३९ मध्ये रॉबर्टसन यांनी उब्बेलोड यांच्यासोबत एक सुंदर पडताळा घेतला. हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम बसवून तेच स्फटिक पुन्हा वाढवले. दुवा खरोखर हायड्रोजनचा असेल तर त्याचे वजन बदलल्यावर दुव्याची लांबी बदलायला हवी. तशी ती बदलली. ऑक्सिजन एकमेकांपासून अँगस्ट्रॉमच्या काही शतांशांनी दूर सरकले. न दिसणाऱ्या अणूने आपली साक्ष दिली होती. हातात आकडेमोडीच्या पट्ट्या असताना इतका सूक्ष्म फरक पकडणे म्हणजे किती चिकाटीचे काम असेल, ते आज संगणकापुढे बसून समजणे कठीण आहे.

दरम्यान सेंद्रिय आम्लांच्या जोडीदारीचे चित्र स्पष्ट होत चालले होते. मुंग्यांच्या दंशातले फॉर्मिक आम्ल वायुरूपात जोडीने वावरते, हे वाफेच्या घनतेवरून पूर्वीच कळले होते. १९३४ मध्ये पॉलिंग आणि ब्रॉकवे यांनी इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने त्या जोडीची मापे घेतली. दोन कार्बोक्सिल गट समोरासमोर येतात. पहिल्याचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनला आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या ऑक्सिजनला धरतो. फुगडी घालणाऱ्या दोघी जशा दोन्ही हात गुंफून एकमेकींना तोलून धरतात, तशी ही पकड असते. एक हात सुटला तर तोल जातो, दोन्ही पकडले की जोडी घट्ट. ऊद या सुगंधी डिंकातून पूर्वी मिळवले जाणारे बेंझॉइक आम्ल स्फटिकातही असेच जोडीने बसते, हे ग्लासगोला प्राध्यापक झालेल्या रॉबर्टसन यांच्या चमूने १९५५ मध्ये दाखवले.

सगळीच आम्ले अशी वागत नाहीत. वायूत जोडीने राहणारे फॉर्मिक आम्ल गोठले की जोडी मोडते आणि प्रत्येक रेणू एका हाताने पुढच्याला, दुसऱ्या हाताने मागच्याला धरून लांबच लांब साखळी करतो. १९५३ मध्ये हे उघड झाले. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्लही गोठल्यावर साखळीच करते. निर्जल ऑक्झॅलिक आम्लाची दोन रूपे आहेत, एकात साखळ्या सरळ धावतात तर दुसऱ्यात रेणू जाळीदार थरांत गुंततात. रेणू तोच, हायड्रोजन बंध तसलाच, तरी मांडणी वेगळी. कारण स्फटिकात हायड्रोजन बंधाखेरीज आणखी एक मागणी असते, जागा न दवडण्याची. मॉस्कोचे अलेक्झांडर कितायगोरोद्स्की यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात हे सूत्ररूपाने मांडले. एका रेणूचा उंचवटा शेजाऱ्याच्या खोलगट भागात बसतो. बहुतेक सेंद्रिय स्फटिकांत एकूण जागेपैकी ६५ ते ७७ टक्के जागा रेणूंनी व्यापलेली असते. बंधाची ओढ आणि जागेची काटकसर यांचा मेळ कसा बसेल, ते रेणूचे रेखाचित्र पाहून सांगता येत नाही.

आता पुन्हा सिनॅमिक आम्लाकडे. १९४३ मध्ये अमेरिकेत बर्नस्टाइन आणि क्विम्बी यांनी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. साध्या सिनॅमिक आम्लाचे स्फटिक दोन वेगवेगळ्या रूपांत मिळतात. एका रूपाला प्रकाश दिला की ट्रक्सिलिक आम्ल मिळते, दुसऱ्याला दिला की ट्रक्सिनिक. जगभर युद्ध पेटलेले असताना हा निबंध किती जणांनी लक्ष देऊन वाचला असेल, कोण जाणे. पण त्यात कोड्याची किल्ली होती. ती कुलपाला लावायला हवा होता क्ष-किरण आणि प्रकाशरसायन या दोन्हींत मुरलेला माणूस.

तो माणूस म्हणजे गेरहार्ट श्मिट. १९१९ मध्ये बर्लिनला जन्मलेले श्मिट नाझी राजवटीच्या काळात इंग्लंडला आले आणि ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांच्याकडे ग्रामिसिडिन एस या प्रतिजैविकाच्या स्फटिकांवर काम करू लागले. १९४८ मध्ये ते इस्रायलमधल्या रेहोवोतला गेले. तिथे संत्र्यांच्या बागांच्या गावी वाइझमन संस्था उभी राहत होती. श्मिट यांनी तिथे क्ष-किरण स्फटिकशास्त्राचा विभाग जवळपास शून्यातून उभा केला. त्यांचे सहकारी मेंडेल कोहेन सेंद्रिय रसायनाचे जाणकार होते. एकाने प्रकाश देऊन फळ तपासायचे, दुसऱ्याने त्याच पदार्थाच्या स्फटिकाची रचना काढायची आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायचे, असा त्यांचा रिवाज पडला. आज हे साधे वाटते. तेव्हा प्रकाशाचे प्रयोग करणारे आणि रचना काढणारे क्वचितच एका छताखाली बसत.

या कामाचा सर्वांत बोलका भाग एका सिनॅमिक आम्लात आहे. बेंझिनच्या कड्यावर एथॉक्सी हा गट बसवलेले हे आम्ल तीन रूपांत स्फटिकते, आणि त्यांना त्यांनी अल्फा, बीटा, गॅमा अशी नावे दिली. तिन्ही बाटल्यांत पदार्थ एकच. विरघळवले की तिघांत काडीचाही फरक उरत नाही. पण पूड करून प्रकाशाखाली ठेवली की अल्फामधून ट्रक्सिलिक जातीचे आम्ल मिळते, बीटामधून ट्रक्सिनिक जातीचे आणि गॅमा जशीच्या तशी राहते. रेणू एकच असताना तीन वेगळी भवितव्ये.

क्ष-किरणांनी कारण दाखवले. तिन्ही रूपांत रेणू कार्बोक्सिल गटांनी जोडीदाराला धरून होते. हायड्रोजन बंध तोच, जोडी तीच, दोन रेणूंची मिळून बनलेली लांबट काठी तीच. फरक होता या काठ्या एकमेकींवर कशा रचल्या आहेत त्यात. बीटा रूपात शेजारचा रेणू बरोबर वर, सुमारे ४ अँगस्ट्रॉमवर, त्याच दिशेला तोंड करून. त्यामुळे दोन्ही दुहेरी बंध एकमेकांना समांतर आणि हाकेच्या अंतरावर, आणि जोड झाली की बेंझिनची कडी एका बाजूला. अल्फा रूपात जवळचा शेजारी उलट दिशेला तोंड करून, दुहेरी बंध ३.६ ते ४.१ अँगस्ट्रॉमवर. जोडही उलट्या तोंडांची. गॅमा रूपात शेजारी असतो खरा, पण ५ अँगस्ट्रॉमच्या आसपास. तेवढे अंतर ओलांडायला स्फटिक हलू देत नाही, म्हणून काहीच होत नाही.

१९६४ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात कोहेन, श्मिट आणि सहकाऱ्यांचे निबंध पाठोपाठ प्रसिद्ध झाले. त्यांतून पुढे आलेला नियम असा: दोन दुहेरी बंध समांतर असतील आणि त्यांच्यातले अंतर ४.२ अँगस्ट्रॉमहून कमी असेल तरच स्फटिकात जोड होईल, आणि जोडीत जी सममिती असेल तीच फळात उतरेल. साध्या सिनॅमिक आम्लाचे बीटा रूप कच्चे असते, ऊब मिळाली की ते अल्फाकडे वळू लागते. जुन्या लोकांना एकाच पुडीतून दोन आम्ले का मिळत होती, तेही त्यातून समजण्यासारखे झाले. त्याच वर्षी हॉजकिन यांना नोबेल पुरस्कार मिळाला, त्यामुळे स्फटिकशास्त्राच्या इतिहासात १९६४ हे साल बहुधा त्यांच्या नावाने लक्षात राहते. त्यांच्या शिष्याचे हे काम तितकेच दूरवर पोहोचले, असे मी मानतो.

श्मिट यांना नियम सापडल्यावर थांबवेना. शेजार कारणीभूत असेल तर हवा तो शेजार घडवता येईल का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. बेंझिनच्या कड्यावर क्लोरीनचे अणू बसवले की रेणू बहुधा बीटासारखे, ४ अँगस्ट्रॉमच्या अंतराने रचले जातात, असे त्यांना दिसले. म्हणजे क्लोरीनला रचनेचा सूत्रधार करता येत होते. या खटाटोपाला त्यांनी १९७१ च्या निबंधात ‘क्रिस्टल इंजिनिअरिंग’ म्हटले. हा शब्दप्रयोग त्याआधी १९५५ मध्ये पेपिन्स्की यांनीही केला होता, पण त्याला आशय दिला तो श्मिट यांनी. आणि त्याच वर्षी ते गेले, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना. एखादे शास्त्र पायावर उभे राहत असताना त्याच्या कर्त्याने असे निघून जावे, याची हळहळ त्यांचे शेवटचे निबंध वाचताना आजही वाटते.

रेहोवोतमध्ये काम थांबले नाही. लेस्ली लाइझरोविट्झ यांनी १९७६ मध्ये कार्बोक्सिलिक आम्लांच्या तोवर माहीत असलेल्या रचना एकत्र मांडून जोड्या आणि साखळ्या कोणत्या परिस्थितीत होतात याची चिकित्सा केली. पन्नास वर्षे होत आली, तरी या विषयात शिरणाऱ्याला तो निबंध टाळता येत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मार्गारेट एटर यांनी हायड्रोजन बंधांच्या आकृत्यांना एक लिपीच तयार करून दिली. दोन दाते, दोन घेणारे आणि आठ अणूंचे कडे, अशा मोजक्या खुणांत आम्लांची ती जोडी लिहिता येऊ लागली. एटर यांचे १९९२ मध्ये, पन्नाशीच्या आत निधन झाले.

याच सुमारास या शास्त्राचे एक मोठे केंद्र भारतात उभे राहिले. गौतम देसिराजू मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १९७२ मध्ये पदवीधर झाले आणि इलिनॉय विद्यापीठात पॉल आणि कर्टिन यांच्याकडे घन पदार्थांतल्या क्रियांवर संशोधन करून परतले. १९७९ पासून हैदराबाद विद्यापीठात त्यांनी सुरुवातीला हाती घेतले ते सिनॅमिक आम्लांवर क्लोरीन बसवण्याचेच काम. १९८९ मधले त्यांचे ‘क्रिस्टल इंजिनिअरिंग’ हे पुस्तक जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वेंकटेशन आणि राममूर्ती यांचा चमू कुमॅरिन वर्गाच्या स्फटिकांना प्रकाश देत होता. त्यांच्या एका क्लोरोकुमॅरिनमध्ये दुहेरी बंध ४.४५ अँगस्ट्रॉमवर असूनही जोड झाली. श्मिट यांची सीमा पोलादी नाही, रेणूंना थोडी हालचाल करता येते, हे त्यातून दिसले. नियमाला बाध येऊन नियम अधिक नीट कळला, असे मी म्हणेन.

जर्मनीत माइन्झला एंकलमान, वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये आणखी एक गोष्ट साधली. सिनॅमिक आम्लाचा स्फटिक प्रखर प्रकाशात तडकून भुगा होतो, कारण वरचा थर आधी बदलतो आणि आतला मागे राहतो. त्यांनी आम्ल जेमतेम शोषते अशा लांब तरंगलांबीचा प्रकाश वापरला. तो स्फटिकात सर्वत्र सारखा पोहोचला आणि अख्खा स्फटिक न तुटता अल्फा सिनॅमिक आम्लापासून ट्रक्सिलिक आम्लापर्यंत गेला. वाटेत मधेच थांबवून त्याची रचना काढली, तर एकाच जालकात काही जागी दोन सुटे रेणू आणि काही जागी जोडलेले, असे दृश्य मिळाले.

देसिराजू यांचे लक्ष मात्र एव्हाना हायड्रोजन बंधाच्या धाकट्या भावंडाकडे वळले होते. कार्बनला जोडलेला हायड्रोजनही ऑक्सिजनकडे ओढला जातो, फक्त ओढ क्षीण असते. लंडनच्या बर्कबेक कॉलेजमध्ये काम करणाऱ्या, मूळच्या न्यूझीलंडच्या जून सटर यांनी १९६२ मध्येच हे स्फटिकांच्या मोजमापांवरून सांगितले होते. १९६८ मध्ये जेरी डोनोह्यू यांनी ते ठामपणे नाकारले आणि सटर यांचे म्हणणे बाजूला पडले. १९८२ मध्ये केंब्रिजमध्ये टेलर आणि ओल्गा केनार्ड यांनी न्यूट्रॉनांनी काढलेल्या ११३ रचना तपासल्या. न्यूट्रॉनांना हायड्रोजन स्पष्ट दिसतो. सटर बरोबर होत्या. वीस वर्षे उशिरा मिळालेल्या या न्यायाची आठवण या शास्त्राच्या प्रत्येक इतिहासात ठेवायला हवी.

या क्षीण बंधाचे महत्त्व पटवले ते घरोघरी असलेल्या ॲस्पिरिनने. ॲस्पिरिनही कार्बोक्सिलिक आम्लच. त्याच्या स्फटिकाची रचना व्हीटली यांनी प्रसिद्ध केली तीही १९६४ मध्ये. रेणू जोडीने बसलेले, जोड्यांचे थर, थरांवर थर. ॲस्पिरिनचे हे एकच रूप आहे, असे चाळीस वर्षे धरून चालले होते. २००५ मध्ये अमेरिकेतून दुसऱ्या रूपाची बातमी आली आणि वाद पेटला. हे नवे रूप खरे की मोजणीतली गफलत? तेव्हा डेन्मार्कमध्ये काम करणारे अँड्र्यू बाँड, जर्मनीचे रोलांड बोझ आणि देसिराजू यांनी २००७ मध्ये उत्तर दिले. दोन्ही रूपांत कार्बोक्सिलची जोडी तीच आणि थरही तेच. फरक फक्त थर एकमेकांना कसे भिडतात त्यात. एका रूपात दोन थरांमधले मिथिल आणि ऑक्सिजन एकमेकांना जोडीने धरतात, दुसऱ्यात साखळीने. धरणारा हायड्रोजन कार्बनवरचा, म्हणजे सटर यांनी सांगितलेलाच. हे दोन पर्याय इतके तुल्यबळ आहेत की एकाच स्फटिकात काही थर पहिल्या रीतीने आणि काही दुसऱ्या रीतीने रचलेले सापडतात. दुसरे रूप निखळ मिळायला आणखी काही वर्षे लागली. द्रावणात ॲस्पिरिनचेच ॲनहायड्राइड थोडे मिसळले, तर ते वाढते.